शीडफळी आणि सागराचा कायदा

जमिनीवरील रस्त्याला कडा असतात, मैलाचे दगड असतात, चौकांत हात वर करून उभा राहिलेला शिपाई असतो. समुद्राला यांपैकीं कांहींच नसतें. त्यामुळें समुद्रावर गेलेल्या माणसाला, विशेषतः तो केवळ मौजेखातर गेला असल्यास, आपण सर्व कायद्यांच्या कक्षेबाहेर येऊन पोहोंचलों असा एक सुखद भास होतो. हा भास खोटा आहे, आणि कित्येकदां तो घातकहि ठरतो. तो कसा, हें आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यापुरतें तरी पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मालवणचा किनारा गेल्या पंचवीस वर्षांत पुण्यामुंबईच्या कुटुंबांना जितका परिचयाचा झाला आहे, तितका तो पूर्वीं कधींच नव्हता. एके काळीं मालवणास जावयाचें म्हणजे आगबोटीचा प्रवास, पडावांतून उतरण्याची त्रेधा आणि आठ दिवसांची शिदोरी. १९९८ सालीं कोकण रेल्वे सर्वत्र धांवूं लागली, आणि रात्रीं गाडींत बसलेलें कुटुंब सकाळीं कुडाळास उतरून दुपारच्या जेवणाला तारकर्लीस पोहोंचूं लागलें. दिवाळी, नाताळ व मे महिना या दिवसांत तेथील वाळूवर मुलांची नुसती झुंबड असते. पाण्यावर जेट-स्कीच्या गर्जना चालू असतात. आकाशांत छत्र्या तरंगत असतात. आणि आतां या मेळाव्यांत कधीं कधीं एक निःशब्द पाहुणाहि दिसूं लागला आहे. एक लांबट फळी, तिच्यावर उभें पारदर्शक शीड, आणि त्या शिडाला लोंबकळल्यासारखा दिसणारा एक तरुण. हेंच विंडसर्फिंग. आपण तिला शीडफळी म्हणूं.

या शीडफळीविषयीं एक समजूत सर्वत्र आढळते. हिला यंत्र नाहीं, धूर नाहीं, आवाज नाहीं, नोंदणीचा क्रमांक नाहीं. मग हिला वेगाचा नियम कसला आणि पोलीस कोणता? प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. त्याचें उत्तर शोधूं गेल्यास मात्र कौटिल्यापासून भारतीय न्याय संहितेपर्यंत बरीच मोठी यात्रा करावी लागते.

फळीची जन्मकथा

या खेळाचें मूळ फार जुनें नाहीं. १९५८ सालीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेलिंग बेटापाशीं पीटर चिल्व्हर्स नांवाच्या बारा वर्षांच्या मुलानें एका फळीवर शीड उभारून ती पाण्यावर चालविली. १९६४ सालीं अमेरिकेंत न्यूमन डार्बी यानें तशीच रचना केली. पुढें कॅलिफोर्नियांतील जिम ड्रेक व हॉइल श्वाइत्झर या दोघांनीं १९६८ सालीं तिच्या एकस्वाकरितां अर्ज केला व या खेळाचा धंदा झाला. गंमत अशी कीं, एकस्वाचा वाद इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायासनासमोर गेला तेव्हां १९८५ सालीं न्यायाधीशांनीं त्या बारा वर्षांच्या मुलाचा खेळ प्रमाण मानला आणि तेथील एकस्व रद्द ठरविलें. १९८४ च्या ऑलिंपिक सामन्यांत पुरुषांसाठीं आणि १९९२ च्या सामन्यांत स्त्रियांसाठीं या खेळाला स्थान मिळालें. २०२३ सालीं हांगचौ येथें भरलेल्या आशियाई सामन्यांत इबाद अली या भारतीय खेळाडूनें त्यांत कांस्यपदक मिळविलें. तेव्हां हा कांहीं रिकामटेकड्यांचा चाळा नव्हे. त्यांत बळ लागतें, तोल लागतो आणि वाऱ्याचें ज्ञान लागतें.

फळीची खुबी तिच्या सांध्यांत आहे. साध्या होडीची डोलकाठी घट्ट रोवलेली असते. शीडफळीची डोलकाठी तळाशीं अशा सांध्यावर बसविलेली असते कीं ती कोणत्याहि दिशेला झुकावी. सुकाणू मुळींच नसतें. शीड पुढें झुकविलें कीं फळीचें नाक वाऱ्यापासून दूर वळतें. मागें झुकविलें कीं वाऱ्याकडे येतें. मालवणच्या होडीला उलांडी असते, म्हणजे बाजूस बांधलेलें एक लांकूड, जें तिला कलंडूं देत नाहीं. शीडफळीची उलांडी म्हणजे स्वाराचें स्वतःचें शरीर होय. आणि गतिरोधक? तो नाहींच. थांबावयाचें झाल्यास शीड हातांतून सोडून द्यावें लागतें; मग तें डोलकाठीसकट पाण्यांत आडवें पडतें. ही डोलकाठी चार मीटरांच्या आसपास लांब असते. ती कोणाच्या डोक्यावर पडते, हा प्रश्न अर्थातच पुढचा!

ती 'नौका' आहे काय?

कायद्याचा पहिला प्रश्न नेहमीं व्याख्येचा असतो. शीडफळी ही नौका ठरली तर नौकांचे नियम तिला लागतील. खेळणें ठरली तर लागणार नाहींत.

समुद्रावर टकरी होऊं नयेत म्हणून १९७२ सालीं सर्व राष्ट्रांनीं मिळून एक नियमावली ठरविली. ती १९७७ पासून अमलांत आली. भारतहि तिला बांधलेला आहे. तिच्यांत नौकेची व्याख्या अतिशय व्यापक आहे. पाण्यावर वाहतुकीचें साधन म्हणून जें वापरतां येतें, किंवा येण्यासारखें आहे, तें कोणत्याहि जातीचें असलें तरी नौकाच. शीड वापरून चालणारी व यंत्र न वापरणारी ती शिडाची नौका. या व्याख्येच्या जाळ्यांतून शीडफळी निसटूं शकत नाहीं.

आपल्या फौजदारी कायद्याचें धोरणहि असेंच आहे. १८६० च्या भारतीय दंड विधानांत माणसें किंवा माल पाण्यावरून नेण्यासाठीं केलेली कोणतीहि वस्तु म्हणजे जलयान, अशी व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेनें तीच उचलली. या संहितेचें कलम २८२ असें सांगतें कीं, दुसऱ्याच्या जिवाला धोका पोहोंचेल किंवा त्याला इजा होण्याचा संभव असेल इतक्या बेदरकारपणें वा हयगयीनें जो जलयान चालवील, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीं शिक्षा होतील. जुन्या विधानांत हेंच कलम २८० होतें आणि दंड एक हजाराचा होता. दीडशें वर्षांहून अधिक काळ तो आंकडा जागचा हलला नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

एखादा चतुर वकील येथें आक्षेप घेईल. तो म्हणेल, फळी ही कोठें जाण्यासाठीं नाहीं, खेळण्यासाठीं आहे. मग ती चालविणें म्हणजे नौकानयन कसें? हा आक्षेप हास्यास्पद समजूं नये. इंग्लंडांत तो यशस्वी झालेला आहे. वेमथ येथील पाण्यांत एका जेट-स्कीस्वारानें दुसऱ्या जेट-स्कीला धडक देऊन तिच्यावरील माणसास जबर जखमी केलें. खालच्या न्यायालयानें शिक्षा दिली. पण २००५ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ती रद्द केली. कारण काय, तर नुसतें गोल गोल हिंडून मौज करणें म्हणजे नौकानयन नव्हे, म्हणून जेट-स्की ही त्या कायद्याच्या अर्थानें 'जहाज' नाहीं! ही फट बुजविण्यास तेथील सरकारला २०२३ साल उजाडावें लागलें. आणि तो नवा हुकूमहि केवळ यंत्रबळावर चालणाऱ्या वाहनांपुरताच आहे. शीडफळी त्यांतून सुटलीच.

आपल्याकडे मात्र अशा शब्दच्छलानें सुटका होणें कठीण आहे. कलम २८२ क्षणभर बाजूस ठेवलें तरी बेदरकार कृत्यानें दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणें हा कलम १२५ खालीं, आणि हयगयीनें मृत्यु घडविणें हा कलम १०६ खालीं अपराध आहे. या दोन्हीं कलमांना वाहनाची जात विचारावी लागत नाहीं. फळीनें मारलें काय आणि मोटारीनें मारलें काय, मेलेल्या माणसाच्या दृष्टीनें सारखेंच. आणि कायद्याच्या दृष्टीनेंहि फारसा फरक नाहीं.

वेग किती?

एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. तासाला एक सागरी मैल या वेगाला नॉट म्हणतात. शिकाऊ माणसाची फळी पांच-सात नॉटांनीं रांगते. चांगल्या वाऱ्यांत तरबेज स्वार वीस नॉट सहज गांठतो. आणि जगांतील निवडक वेगवीरांनीं तर खास पाण्यांत पन्नास नॉटांचा टप्पाहि ओलांडला आहे. वीस नॉट म्हणजे तासाला ३७ किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला सुमारें दहा मीटर. पोहणाऱ्या माणसाचें लाटांमधून दिसतें तें फक्त डोकें, नारळाएवढें. तें पन्नास मीटरांवर दिसलें तर स्वाराच्या हातीं पांच सेकंद उरतात. शिवाय स्वार वाऱ्याच्या बाजूस उभा असतो व त्याच्या पलीकडे संपूर्ण शीड असतें. म्हणजे अर्धा समुद्र त्याच्या दृष्टीआड असतो. शिडाला पारदर्शक खिडकी ठेवतात ती याचसाठीं, शोभेसाठीं नव्हे. आणि जेट-स्कीची चाहूल निदान कानांना तरी लागते. शीडफळी मांजरीच्या पावलांनीं येते.

आतां नियम पाहूं. आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या सहाव्या नियमांत 'सुरक्षित वेग' सांगितला आहे, पण त्याचा आंकडा दिलेला नाहीं. टक्कर टाळण्यासाठीं वेळेवर वळतां वा थांबतां येईल तो सुरक्षित वेग. दृश्यता, गर्दी, वारा, लाटा, प्रवाह व नौकेची वळण्याची शक्ति यांचा विचार चालविणाऱ्यानें स्वतः करावयाचा. त्याच्या आधींचा पांचवा नियम म्हणतो कीं, डोळ्यांनीं व कानांनीं अखंड टेहळणी केली पाहिजे. हे दोन्हीं नियम यंत्राला जसे लागतात तसेच शिडालाहि लागतात. 'मला वेगमर्यादा नाहीं' असें म्हणणाऱ्या फळीस्वाराला खरें उत्तर हेंच आहे कीं, बाबा, तुझी मर्यादा आंकड्यांत लिहिलेली नाहीं, म्हणूनच ती तुझ्या विवेकावर अधिक कडकपणें बसविलेली आहे.

कांहीं देशांनीं मात्र विवेकावर भिस्त न ठेवतां आंकडाच घालून दिला. फ्रान्समध्यें किनाऱ्यापासून ३०० मीटरांच्या पट्ट्यांत पांच नॉटांची मर्यादा असते, आणि गर्दीच्या किनाऱ्यांवर ये-जा करण्यासाठीं बोयांनीं आंखलेल्या गल्ल्या असतात. न्यूझीलंडमध्यें किनाऱ्यापासून २०० मीटरांच्या आंत, तसेंच पाण्यांतील माणसापासून किंवा दुसऱ्या नौकेपासून ५० मीटरांच्या आंत, तीच पांच नॉटांची मर्यादा आहे. पांच नॉट म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाहून थोडा अधिक वेग. मुलें डुंबत असतात तेथें एवढाच वेग शोभतो, हें सांगण्यास खरें पाहतां कायदाहि नको.

वाट कोणीं कोणाला द्यावी?

फळीस्वारांमध्यें एक अर्धसत्य फार प्रिय आहे: यंत्राच्या नौकेनें शिडाला वाट दिली पाहिजे. हें खरें आहे; अठराव्या नियमाचा तो पूर्वार्ध होय. उत्तरार्ध बहुधा कोणी वाचीत नाहीं. त्याच नियमाप्रमाणें शिडाच्या नौकेनें मासे धरण्यांत गुंतलेल्या नौकेला वाट दिली पाहिजे. शिवाय अरुंद खाडींत किंवा प्रवाहमार्गांत शिडानें, केवळ त्या मार्गांतूनच जाऊं शकणाऱ्या मोठ्या नौकेला अडथळा करतां कामा नये. दोन शिडें समोरासमोर आलीं व वारा दोघांना वेगवेगळ्या बाजूंनीं लागत असला, तर ज्याला तो डावीकडून लागतो त्यानें दूर व्हावें. एकाच बाजूनें लागत असल्यास वाऱ्याकडे असलेल्यानें खालच्यास वाट द्यावी. आणि कोणीहि कोणाला मागून गांठून पुढें जात असेल, तर बाजूला होण्याचें ओझें मागून येणाऱ्यावर.

मालवणच्या पाण्यांत या नियमाचा उत्तरार्ध सर्वांत महत्त्वाचा आहे. नारळी पौर्णिमेनंतर येथें रापण लागते. होडी जाळें घेऊन अर्धवर्तुळ काढीत समुद्रांत शिरते. जाळ्याचीं दोन टोंकें किनाऱ्यावर असतात, आणि पुरुष व बाया दोन्हींकडून दोर ओढीत तें वाळूवर आणतात. एका रापणीवर कित्येक घरांची चूल अवलंबून असते. जाळ्याच्या वरच्या कडेचे तरंगे लांबून सहज नजरेस येत नाहींत. फळीच्या पोटाखालचा पर त्या जाळ्यांत अडकला, तर स्वार पडेल व क्षणांत उठून हंसेल. पण फाटलेलें जाळें विणण्यास जे दिवस लागतील ते त्याच्या सुटीच्या हिशेबांत येत नाहींत. या किनाऱ्यावरील पारंपरिक मच्छीमार यांत्रिक व पर्ससीन नौकांशीं आधींच अनेक वर्षें झगडत आहेत. त्यांत आपल्या करमणुकीची भर पडूं नये, ही अपेक्षा अवास्तव खासच नाहीं.

सागरावरचा कोतवाल

समुद्रावर पोलीस ही कल्पना इंग्रजांची, असें पुष्कळांना वाटतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत 'नावध्यक्ष' नांवाच्या अधिकाऱ्याचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. अवेळीं किंवा घाट सोडून पाणी ओलांडणाऱ्यास त्यांत दंड सांगितला आहे. पण कोळी, लांकूडफांटा व गवत आणणारे, फुलें-फळें नेणारे यांना त्यांतून वगळलें आहे. वादळानें भरकटून आलेल्या नौकेशीं त्यानें पित्याच्या मायेनें वागावें, असेंहि त्याचें कर्तव्य आहे. आणि सर्वांत मार्मिक गोष्ट ही कीं, माणसें किंवा साधनें अपुरीं असलेली, अथवा डागडुजी न केलेली सरकारी नाव बुडाली, तर झालेलें नुकसान त्या नावध्यक्षानें स्वतः भरून द्यावयाचें. धंद्यासाठीं पाण्यावर जाणाऱ्याला सवलत, दुर्दैवाला दया आणि अधिकाऱ्याच्या निष्काळजीपणाला शिक्षा, ही त्रिसूत्री आजहि जुनी झालेली नाहीं.

पुढें याच किनाऱ्यावर पोर्तुगीजांनीं आपलें कर्ताझ व आंग्र्यांनीं आपलें दस्तक चालविलें. परवान्याशिवाय समुद्रावर येईल तो शत्रु, हा त्या काळचा जलकायदा होता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवाजी महाराजांनीं कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तो या पाण्याचें धनीपण कोणाचें हें परकीयांना कळावें म्हणूनच. २०२५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत तो आहे.

आजचा कोतवाल एक नाहीं, अनेक आहेत. नौकांचे परवाने व बंदरांची व्यवस्था १९९६ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. मालवणचा समावेश त्याच्या वेंगुर्ले विभागांत होतो. मासेमारीचे परवाने मत्स्यव्यवसाय खात्याकडे, १९८१ च्या कायद्याप्रमाणें. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा पाहरा सागरी पोलिसांकडे. निवती व विजयदुर्ग येथें त्यांचीं ठाणीं आहेत. त्यापलीकडे तटरक्षक दल, जें १९७८ च्या कायद्यानें उभें राहिलें. आणि मालवणपुरतें आणखी एक खातें, तें म्हणजे वनखातें. १९८७ सालीं सिंधुदुर्ग, पद्मगड व भोंवतालचे बुडालेले खडक मिळून २९.१२ चौरस किलोमीटरांचें सागरी अभयारण्य घोषित झालें, त्यांतील ३.१८ चौरस किलोमीटर हा गाभा होय. तेथील प्रवाळ, कासवें व डॉल्फिन यांना वेगाची भीति माणसाहून अधिक, कारण श्वासासाठीं वर आलेल्या कासवाला बाजूस सरण्याची सूचना कोण देणार?

सागरी पोलीस एखाद्या लहानशा फळीकडे इतक्या बारकाईनें कां पाहतात, याचें कारण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रींत आहे. त्या रात्रीं दहा दहशतवादी बळकावलेल्या 'कुबेर' या मच्छीमार नौकेंतून मुंबईपाशीं आले आणि रबरी होडीनें किनाऱ्याला लागले. किनारा-सुरक्षेची योजना २००५ पासूनच होती. परंतु तिचें खरें महत्त्व त्या रात्रीं पटलें. तेव्हांपासून किनाऱ्यावर उतरणाऱ्या लहान नौकेला क्षुल्लक मानण्याची सोय उरली नाहीं. फळीस्वार संध्याकाळपर्यंत न परतल्यास त्याचा शोध हीच मंडळी करतात. म्हणून पोलिसानें हटकलें तर तो आपल्या मौजेचा वैरी नसून आपल्या परतीचा जामीन आहे, असें समजावें.

येथें एक दोषहि सांगितला पाहिजे. धनी अनेक असले म्हणजे घर कोणाचेंच नसतें. बंदरवाले परवाना पाहणार, पोलीस ओळखपत्र पाहणार, वनखातें हद्द पाहणार; परंतु पोहणाऱ्या मुलापासून फळी किती अंतरावर असावी हें पाहण्याचें काम नेमकें कोणाचें, हें किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बापाला कळत नाहीं. पोहण्याचा पट्टा बोयांनीं वेगळा आंखावा, वेगानें जाणाऱ्यांची ये-जा एका गल्लींतून व्हावी, आंत पांच नॉटांचा आंकडा मराठींत फलकावर लिहावा, आणि हें सर्व ठरवितांना रापणवाल्यांना विचारावें. याला मोठा खर्च नाहीं. ठरविण्याची इच्छा मात्र हवी.

अपघातांची शिकवण

कोकणच्या घराघरांत 'रामदास' बोटीची आठवण आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट वाटेंत कलंडली आणि सहाशेंच्या आसपास माणसें बुडालीं. ती घटना पावसाळ्यांतील होती. आज पावसाळ्यांत, साधारणतः २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळांत, आपल्या किनाऱ्यावरील प्रवासी व पर्यटनाच्या नौका बंद ठेवतात, यामागें असे कटु अनुभव आहेत.

२४ मे २०२२ रोजीं तारकर्लीजवळ पाण्याखालचें जग पाहून परतणारी, वीस पर्यटकांची नौका उलटली व दोघांचा अंत झाला. पावसाळी बंदी सुरू होण्यास तेव्हां अवघे दोन दिवस उरले होते. १८ डिसेंबर २०२४ रोजीं मुंबई बंदरांत घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी नौकेवर, यंत्राची चांचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. तेथें हवा स्वच्छ होती, दिवस होता. चूक वेगाची व ताब्याची होती. त्यानंतर त्या मार्गावरील उतारूंना तरंगजाकीट घालणें सक्तीचें झालें. दुर्दैवानें आपल्याकडे प्रत्येक नियमाच्या मागें एक तरी चिता असते. शीडफळीसाठीं तरी आधीं नियम व मग अपघात असा क्रम कां असूं नये? किंबहुना नियम झाला व पाळला गेला तर अपघाताचा संभव तरी कमी होईल.

जाणत्यांस दोन शब्द

आपल्या मुलांनीं हा खेळ शिकूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. वाऱ्याची भाषा ज्याला समजली तो तरुण जमिनीवरहि अधिक शहाणा होतो. फक्त कांहीं गोष्टी घरांतील वडील मंडळींनीं मनाशीं पक्क्या कराव्या.

पहिली गोष्ट वाऱ्याची. सकाळीं जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा तो मतलई. दुपारनंतर समुद्राकडून येतो तो खारा वारा. शिडाच्या दिवसांत आपले नाखवे मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर घरीं येत. शिकाऊ फळीस्वारानें याच्या उलट वागावें. मतलई असतांना किनाऱ्याजवळचें पाणी आरशासारखें स्वच्छ व मोहक दिसतें. पण शीड पाण्यांत पडलें व पुन्हां उचलतां आलें नाहीं, तर तोच वारा स्वाराला अलगद बाहेर घेऊन जातो. खारा वारा निदान चुकलेल्याला किनाऱ्यावर आणून टाकतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. देवबागच्या टोंकाशीं कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळीं तेथील ओढ विलक्षण असते. शिकण्याची ती जागा नव्हे. मालवण बंदरांतील खडक भरतींत झांकले जातात. त्यांची जागा स्थानिक तांडेलालाच माहीत असते. त्याला विचारण्यांत कमीपणा नाहीं. शिवछत्रपतींच्या आरमारालाहि या पाण्याची वाट येथल्याच लोकांनीं दाखविली होती.

तिसरी, तरंगजाकीट. तें पोहतां येणाऱ्यानेंहि घालावें, कारण डोक्याला डोलकाठी लागून शुद्ध हरपलेल्या माणसाला पोहतां येत नाहीं. चौथी, अंतर. डुंबणाऱ्यांपासून, रापणीपासून, किल्ल्याकडे ये-जा करणाऱ्या होड्यांच्या वाटेपासून दूर राहावें. आणि किनाऱ्याजवळ येतांना शिडांतील वारा सोडून फळी सावकाश आणावी. पांचवी, वेळ. सूर्यास्तापूर्वीं परतावें. सात मीटरांहून लहान शिडाच्या नौकेनें अंधारांत, रीतसर दिवे नसल्यास, निदान विजेरी तरी हाताशीं ठेवावी असा नियम आहे. फळीवर दोन्हीं हात शिडांत गुंतलेले असतांना विजेरी दाखविणार कोणता हात? सहावी, आपला माणूस पाण्यावर असेपर्यंत एकानें किनाऱ्यावर डोळे लावून बसावें, आणि सागरी पोलिसांचा १०९३ व तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन क्रमांक जवळ असावेत.

कायद्याचें पुस्तक फळीवर नेतां येत नाहीं. न्यावें लागतहि नाहीं. समोर दिसणारें डोकें कोणाच्या तरी लेकराचें आहे आणि समोर दिसणारें जाळें कोणाच्या तरी घरचें आहे, एवढें ज्याच्या मनांत अखंड जागें असतें त्याच्याकडून सहावा नियमहि पाळला जातो आणि अठरावाहि. उरलेल्यांसाठीं कलम २८२ आहेच.